बोलता न येणाऱ्या मुलीला अक्षरं कधी शिकवायची? (सांगली-मिरज, अनुभव हवेत)

कृष्णाकाठची | ११ जून, रात्री ११.०५

नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिलाच धागा काढतेय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझी मुलगी, घरात तिला चिमी म्हणतो, येत्या श्रावणात अकरा वर्षांची होईल. सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे स्नायूंवर ताबा नसणं), चारही हातपाय ताठ. बोलत नाही. म्हणजे आवाज करते, हसते, चिडली की आख्खी गल्ली जागी करते, पण शब्द नाही. भरवावं लागतं, खुर्चीत पट्टा लावून बसवावं लागतं. यूडीआयडी कार्डावर (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) ९० टक्के दिव्यांगत्व लिहिलंय. आठवड्यातून तीन दिवस एका विशेष शाळेत नेते, बाकी घरीच.

गेली चार वर्षं तिच्यापुढे तीच चित्रं धरली जातायत. सफरचंद, केळं, गाय, मोटार. "सफरचंद दाखव." दाखवलं तर शाबास, नाही तर वहीत फुली. आमच्या घरात सफरचंद कुणी आजारी पडलं तरच येतं, हा भाग वेगळा. मागच्या आठवड्यात मी विचारलं, अक्षरं कधी सुरू करायची? बाई म्हणाल्या, "आधी चित्रं पक्की होऊ देत, नीट बसू दे, मग बघू. आणि खरं सांगू का ताई, तिला वाचून करायचंय काय?"

बाई वाईट नाहीत. चिमीला शी झाली तर नाक न मुरडता बदलतात, हे मी विसरणार नाही. पण ते वाक्य डोक्यातून जात नाही. रिक्षातून येताना चिमी दुकानांच्या पाट्यांकडे बघते. निदान मला तरी तसं वाटतं. का हे माझ्याच मनाचे खेळ?

सहानुभूती नको, ती भरपूर मिळते. काय करता येईल ते सांगा.

हळदीचा_वास | ११ जून, रात्री ११.४०

यातलं काही कळत नाही, पण धागा वर राहावा म्हणून लिहितोय. वाचतोय.

निवृत्त_गुरुजी_तासगाव | १२ जून, सकाळी ६.१५

ताई, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत ३४ वर्षे पहिलीचा वर्ग घेतला. माझा अनुभव असा, की अक्षर हातातून डोक्यात जाते. आम्ही स्वतः धुळाक्षरे गिरवून शिकलो. मूल गिरवते, पुसते, पुन्हा गिरवते, तेव्हा 'क' बसतो. जिला हाताची मूठ उघडता येत नाही, तिच्या बाबतीत हे कसे साधणार, हा प्रामाणिक प्रश्न मलाही आहे. त्या बाई कठोर बोलल्या, पण त्यांची अडचण समजू शकतो. बाकी जाणकारांनी सांगावे.

वाळव्याचा_बाप | १२ जून, सकाळी ९.३०

ताई, माझा पोरगा १३ चा हाय, ऑटिझम. त्यालाबी सहा वर्षं निसती रंगांची नावं शिकवली. लाल कुठला, पिवळा कुठला. शेवटी त्यानं पिवळं कार्ड खाऊन टाकलं. चूक कुणाची ते तुम्हीच ठरवा.

त्याच्या गळ्यात चित्रांची जुडी असायची. भाकरी, पाणी, शू, झोप. चार चित्रं. मी एकदा विचार केला, मला कुणी सांगितलं की बाबा तुला जल्मभर चारच शब्द, तर मी काय केलं असतं? मीबी कार्ड खाल्लं असतं.

वाचा_मिरज | १२ जून, दुपारी २.५०

मी स्पीच थेरपिस्ट आहे. लांबलचक लिहिणार आहे, आधीच माफी.

आधी गुरुजींना. लिहिणं म्हणजे दोन कामं एकात मिसळलेली असतात. एक, अक्षराचा आकार काढणं. दुसरं, कुठलं अक्षर हवंय ते ठरवणं. पहिलं काम हाताचं, दुसरं डोक्याचं. तुमच्या वर्गातल्या मुलांचे हात चालत होते, म्हणून दोन्ही बरोबर झालं. चिमीसाठी पहिलं काम आपण करायचं आणि दुसरं तिच्याकडे ठेवायचं. बऱ्याच ठिकाणी उलट चालतं. हात धरून मुलाकडून गिरवून घेतात, म्हणजे जे त्याला जमत नाही ते त्याच्याकडून आणि जे कदाचित जमेल ते आपल्याकडे.

'आधी हे जमू दे मग ते' याला आमच्या क्षेत्रात फार जुना आजार समजतात. अक्षरं दाखवण्याआधी मुलानं अमुक इतकी चित्रं ओळखलीच पाहिजेत, याला आधार नाही. घरातलं धडधाकट मूल बाराव्या महिन्यात पेपर फाडतं, भिंतीवर रेघोट्या ओढतं, तेव्हा आपण 'तयारी नाही' म्हणून पेन्सिल काढून घेत नाही. ओरडतो, पण काढून घेत नाही.

ॲन डोनेलन या बाईंनी १९८४ साली एक कसोटी मांडली होती. मुलाला किती समजतं याचा पुरेसा पुरावा हातात नसेल, तर असं गृहीत धरा की जे उद्या चुकीचं ठरलं तरी मुलाचं नुकसान कमीत कमी होईल. समजा चिमीला अक्षरं कधीच कळली नाहीत. काय गेलं? रोजची वीस मिनिटं आणि थोडा कागद. आणि समजा कळत होती, पण दाखवलीच नाहीत?

आता 'वाचून करायचंय काय'. चित्रांच्या पाटीवर तेवढंच बोलता येतं, जेवढं आपण आधी छापून ठेवलंय. आपल्याला सुचलंच नाही ते मुलाला म्हणायचं असेल तर? त्यासाठी अक्षरंच लागतात. पूर्ण बाराखडी आली नाही, शब्दाचं पहिलं अक्षर दाखवता आलं, तरी समोरच्याचा अंदाज कितीतरी जवळ येतो.

कामाचं रात्री लिहिते, ओपीडी आहे.

आशादीप | १२ जून, दुपारी ४.२०

ताई, निराश होऊ नका. माझ्या नात्यातल्या एका मुलाला पुण्यात एका ठिकाणी नेतात. तिथे मॅडम मनगटाला आधार देतात आणि तो कीबोर्डवर टाइप करतो. कधी बोलला नाही, पण आता कविता लिहितो, तीही इंग्रजीत! तिकडे एकदा जाऊन या.

वाळव्याचा_बाप | १२ जून, दुपारी ४.४५

इंग्रजी कुठं शिकला म्हणे?

वाचा_मिरज | १२ जून, रात्री १०.१०

आशादीप, तुमचा हेतू चांगला आहे, म्हणून शांतपणे सांगते. हात, मनगट किंवा कोपर धरून टाइप करून घेण्याची ही पद्धत अनेकदा तपासली गेली आहे. तपासणी सोपी असते. मुलाला एक चित्र दाखवायचं, हात धरणाऱ्याला दुसरं, आणि विचारायचं काय दिसलं. उत्तर हात धरणाऱ्याच्या चित्राचं येतं. त्या बाई खोटं बोलत नसतात, त्यांनाही कळत नसतं की हात आपण हलवतोय. प्लँचेटच्या पाटावर आपोआप फिरणाऱ्या वाटीसारखं समजा. अमेरिकेतल्या स्पीच थेरपिस्टांच्या संघटनेनं २०१८ साली ही पद्धत वापरू नका असं लेखी जाहीर केलं, आणि अक्षरपाटी समोर हातात धरून झटपट उत्तरं काढून घेण्याच्या पद्धतीबद्दलही तेच. मुलाला शब्द मिळत नाहीत ते नाहीतच, वर त्याच्या नावावर दुसऱ्याचे शब्द खपतात.

मग मी काय वेगळं सांगतेय? माझ्या पद्धतीत चिमीला कुणी हात लावणार नाही. ती डोळ्यांनी 'हो' म्हणेल, आणि ते आजी, भाऊ, शेजारीण, कुणालाही दिसेल. माणूस बदलला की उत्तर बदलत असेल, तर काहीतरी चुकतंय असं समजायचं.

कृष्णाकाठची, आधी तीन गोष्टी सांगा. तिचं हो आणि नाही कसं असतं? डोळे तपासलेत का, नुसता नंबर नाही, मेंदूला चित्र कळतं का ते? आणि बसवल्यावर पाय टेकतात का?

कृष्णाकाठची | १२ जून, रात्री ११.२५

हो म्हणजे हसते. नाही म्हणजे हसत नाही. आता लिहिताना कळतंय हे किती कच्चं आहे ते. डोळ्यांचं मिरजेत दाखवलं होतं, म्हणाले डोळे ठीक, पण मेंदूकडून दिसण्यात अडचण आहे. पुढे काय करायचं कुणी सांगितलं नाही. पाय लोंबतात.

वाचा_मिरज | १३ जून, सकाळी ७.००

मग इथूनच सुरुवात.

पायाखाली पाट ठेवा किंवा जुनी पुस्तकं बांधून ठेवा. कंबर मागे टेकलेली, गुडघे काटकोनात. पाय लोंबत असतील तर सगळी ताकद न पडण्यात जाते, अक्षराला काय उरणार? सुताराकडून कोपरा खुर्ची (पाठीला दोन्ही बाजूंनी आधार देणारी) करून घेता आली तर उत्तमच.

'हो' साठी मान हलवणं विसरा. आपल्याकडे मान अशी हलते की धडधाकट माणसाचंही हो का नाही कळत नाही. वर बघणं म्हणजे हो, बाजूला बघणं म्हणजे नाही, असं काहीतरी ठरवा आणि घरातल्या सगळ्यांनी तेच पाळा. शिकवताना परीक्षा नको. तिला भडंग हवंय हे तुम्हाला दिसतंच, तेव्हा "हवं? हो" म्हणत स्वतः वर बघून दाखवा.

नजरेचं: एका वेळी एकच गोष्ट, काळ्या कागदावर पिवळं ठळक अक्षर, मागे फुलाफुलांची चादर किंवा टीव्ही नको. अशी काही मुलं आधी बघतात, मग मान वळवतात आणि मग उत्तर देतात. आपण म्हणतो लक्षच नाही.

आणि थांबा. हे सगळ्यात अवघड. प्रश्न विचारून मनात वीस आकडे मोजा. आम्ही थेरपिस्टसुद्धा पाचव्या आकड्याला उत्तर सांगून मोकळे होतो.

फिरता_फळा | १३ जून, रात्री ९.३५

समग्र शिक्षा या सरकारी शालेय शिक्षण योजनेत विशेष शिक्षक आहे, जत आणि कवठेमहांकाळ भाग. शाळेत येऊ न शकणाऱ्या मुलांना घरी जाऊन शिकवतो. वस्तीवर पोचायलाच अर्धा दिवस जातो, त्यामुळे जे करायचं ते आईच्या किंवा आजीच्या हाताला लागलं पाहिजे, हे पहिल्याच वर्षी शिकलो.

मॅडमनी लिहिलंय ते खरं, पण सगळी मुलं चिमीसारखी चित्रापर्यंतही पोचलेली नसतात. माझ्याकडे एक मुलगा आहे, दिसत नाही, ऐकू कमी येतं, बौद्धिक अडचणही आहे. त्याला आम्ही वस्तू देतो. हातात वाटी दिली की जेवण, टॉवेलचा तुकडा म्हणजे आंघोळ, शेळीच्या गळ्यातली घंटी म्हणजे बाहेर. चार खणांच्या खोक्यात दिवसाच्या वस्तू ओळीनं ठेवायच्या, काम झालं की वस्तू शेवटच्या टोपलीत. सहा महिन्यांनी एके दिवशी त्यानं स्वतः घंटी काढून आजीच्या मांडीवर टाकली. आजीनं त्याला बाहेर नेला आणि मग मला फोन केला. ती वेळ दुपारी दीडची, एप्रिल महिना. बाहेर नेण्यासारखं ऊन नव्हतं, पण नेला. पहिल्यांदा मागितलंय, तर नाही म्हणायचं नाही.

हेही वाचनच आहे असं मी मानतो. वस्तू बघून पुढचं कळणं. आमचा निपुणचा (लहान मुलांना वाचन-गणित यावं म्हणून असलेली सरकारी मोहीम) वाचनपातळीचा तक्ता भरताना मात्र या मुलाचा रकाना मोकळा राहतो.

आणखी एक. गोष्ट वाचताना "हे काय? ते काय?" विचारू नका. आपल्याला कुणी सिनेमा बघताना मिनिटामिनिटाला विचारलं, तर आपण उठून जाऊ. वाचा, थांबा, आपणच बोला, "अगं बाई, पडला की हा!" आणि बघा ती काही करते का. तेच पुस्तक पंधरा दिवस. पुस्तकं नसतील तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट मिळतात, छापून घेता येतात.

एकबोटी | १३ जून, रात्री ११.५०

कराड. वय २६. सेरेब्रल पाल्सी. बोलणं घरच्यांनाच कळतं. एका बोटानं टाइप करतो, म्हणून थोडक्यात.

मी ९ वर्षांचा होईपर्यंत सगळ्यांना वाटायचं मला वाचता येत नाही. येत होतं. बहिणीला उलट बाजूनं बसून बघत होतो, म्हणून अक्षरं उलटी शिकलो. अजून पुस्तक उलटं धरलं तरी वाचतो.

पाट्या बघते म्हणजे बघत असेल. नसेलही. दाखवा.

आणि पहिला शब्द 'नको' द्या. मला तो सगळ्यात उशिरा मिळाला.

वाळव्याचा_बाप | १४ जून, सकाळी ८.०५

एकबोटी भावा, तुझं वाचून काम सोडून बसलोय.

नको चं खरं हाय. आमच्या पोराला नको मिळाल्यापास्नं चावायचं निम्म्यानं कमी झालं.

वाचा_मिरज | १४ जून, दुपारी ३.१५

'नको' हा मराठीचा केवढा मोठा फायदा आहे! दोनच अक्षरं, एका शब्दात पूर्ण नकार. वाक्य जोडायची गरजच नाही.

आपण दिवसभर बोलतो त्यातले बहुतेक शब्द मोजकेच असतात आणि ते वस्तूंची नावं नसतात. नको, पाहिजे, अजून, झालं, थांब, चल, दे, बघ, परत, कुठं, कोण, मी, तू, हे, आवडलं, मदत, काहीतरी वेगळंच. 'अजून' हा शब्द जेवताना, झोक्यावर, गोष्टीत, भांडणात, सगळीकडे चालतो. सफरचंद कुठं चालतं? हे पंचवीसेक शब्द एका पाटीवर घ्या, जागा कायम तीच ठेवा. आणि मुख्य म्हणजे तिच्याकडून बोट लावून घेण्याआधी कित्येक महिने *तुम्ही* बोलताना त्या पाटीवर बोट ठेवत बोला. बाळ आपल्याशी बोलायला लागण्याआधी आपण वर्षभर त्याच्याशी बोलतो. ही पाटीची भाषा तिच्याशी आजवर कुणी बोललेलं नाही.

लोक विचारतातच म्हणून: पाटी दिली की बोलणं थांबतं, ही भीती निराधार आहे. २००६ साली आलेल्या एका आढाव्यात नीट नोंदी असलेल्या २७ जणांचं बघितलं होतं, एकाचंही बोलणं कमी झालं नाही, बहुतेकांचं थोडंफार वाढलंच.

ॲप हवं असेल तर आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो आहे, फुकट आणि मराठीत. चेन्नईचं 'आवाज' (Avaz) नावाचं आहे, पैसे भरून. कुठलंही घ्या, आधी दोन गोष्टी तपासा. मुलगी असून ॲप 'मी जातो' म्हणतंय का? आणि ते 'मला हवे आहे' म्हणत असेल आणि तुमच्या घरात 'पायजे' म्हणत असतील, तर स्वतःच्या आवाजात भरता येतंय का? पोरीच्या तोंडी बातम्यांची भाषा नको.

हळदीचा_वास | १४ जून, दुपारी ३.४०

माझ्या भाचीचा टॅब ऑगस्ट २०१९ च्या पुरात गेला. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ४५ फुटांच्या वर गेलं आणि आम्ही गावभागातलं घर सोडलं. कुणाच्या तरी हॉलमध्ये सहा दिवस, लाइट नाही. तिला आजी कुठंय विचारायचं होतं, दोन दिवस नुसती रडली. आजी वरच्या मजल्यावरच होती हो. आधी लिहिलं नाही कारण वाटलं यात माझं काय. पण टॅबबरोबर कागदाची पाटीही ठेवा, एवढं सांगायचं होतं. लॅमिनेशन करून.

कारकून_साहेब | १५ जून, सकाळी १०.४५

साताऱ्याहून. कागदपत्रांचं लिहितो, बाकी तज्ज्ञ लिहितायतच.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, कलम ३१: ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, *स्वतःच्या पसंतीनं*, मोफत शिक्षणाचा हक्क. कलम १७ मध्ये बोलण्याला पूरक आणि पर्यायी साधनं वापरण्याला उत्तेजन देणं हे सरकारचं काम म्हणून लिहिलंय. म्हणजे ही अक्षरपाटी आईची हौस नाही, कायद्यात आहे.

शिक्षण हक्क कायद्यात २०१२ साली दुरुस्ती होऊन तीव्र आणि बहुविकलांग मुलांना घरी शिकण्याचा पर्याय आला. पर्याय! तो पालकांनी निवडायचा. "तुम्ही घरीच शिकवा" असं शाळेनं सुचवायला तो आलेला नाही. मी अर्जात हेच एक वाक्य लिहून देतो आणि खाली पोच घेतो. पोच घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही, हा माझ्या आख्ख्या नोकरीचा अर्क.

निरामय विमा काढलाय का? राष्ट्रीय न्यास या सरकारी संस्थेचा आरोग्य विमा, वर्षाला १ लाखापर्यंत, सेरेब्रल पाल्सी त्यात बसते. नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरवर लिहा.

निवृत्त_गुरुजी_तासगाव | १५ जून, सायंकाळी ७.२०

आकार काढणे वेगळे आणि अक्षर निवडणे वेगळे, हे ३४ वर्षांत मला कुणी सांगितले नाही. दोन दिवस विचार करतोय. माझ्या वर्गात १९८८-८९ च्या सुमारास एक मुलगा होता, हात थरथरायचे. मी त्याला पाटी पुसायचे काम दिले होते. असो.

पण एक शंका उरतेच. इंग्रजीत २६ अक्षरे. आपल्याकडे स्वर, व्यंजने, वर काना-मात्रा-वेलांट्या, जोडाक्षरे. एवढे सगळे डोळ्यांनी कसे दाखवणार?

वाचा_मिरज | १५ जून, रात्री १०.३०

गुरुजी, याच प्रश्नाची वाट बघत होते. आपली वर्णमाला या कामासाठी इंग्रजीपेक्षा सोयीची आहे. एबीसीडीच्या क्रमाला काही अर्थ नाही. आपली वर्णमाला मुळातच ओळींत लावलेली आहे, क पासून म पर्यंतच्या ओळींत तर एका ओळीतले आवाज तोंडात साधारण एकाच जागी होतात.

मी अशी वही करते. उभं कॅलेंडर असतं तसं, वर स्पायरल.

पान १: अ आ इ ई उ ऊ
पान २: ए ऐ ओ औ अं
पान ३: क ख ग घ
पान ४: च छ ज झ
पान ५: ट ठ ड ढ ण
पान ६: त थ द ध न
पान ७: प फ ब भ म
पान ८: य र ल व
पान ९: श ष स ह ळ
पान १०: काना, वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार, पाय मोड
पान ११: मोकळी जागा / चुकलं, खोड / झालं

तुम्ही पान उलटत विचारायचं, "या पानावर आहे?" तिनं वर बघितलं की त्या पानावरचं एकेक अक्षर. प... फ... ब... वर बघितलं की ते अक्षर तुम्ही कागदावर लिहायचं, मोठ्यानं म्हणायचं. सगळ्या पानांचा आवाज आणि वेग एकसारखा ठेवा, आपल्याला हवं त्या अक्षराशी रेंगाळू नका, मुलं फार हुशार असतात, आपला चेहरा वाचतात.

वेलांटीचा गोंधळ होईल. 'कि' लिहिताना वेलांटी आधी काढतो, पण म्हणताना क आधी. वहीत क आधी घ्या, वेलांटी मागून, ती जागेवर काढायचं काम आपलं. ऱ्हस्व-दीर्घ सध्या विसरा. काना-मात्राही ती सुरुवातीला सोडून देईल. 'पाणी' चं 'पण' येईल. पहिलीतली मुलंही असंच लिहितात, त्याला चूक म्हणू नका.

आणि पहिले कित्येक आठवडे ती जे निवडेल ते बरळणं असेल. बाळ जसं बबबब करतं तसं. ते तसंच लिहून भिंतीवर लावा. "आता 'आई' लिही बरं" असं चुकूनही म्हणू नका.

कृष्णाकाठची | १६ जून, रात्री १२.१०

स्पायरल करून आणलं. झेरॉक्सवाला विचारत होता कुठल्या शाळेचं कॅलेंडर आहे. आता लिहीत नाही, करून बघते.

आशादीप | १८ जून, सकाळी ११.००

मी त्या मुलाच्या आईला वेगवेगळी चित्रं दाखवून तपासण्याचं सांगितलं. ती माझ्याशी बोलत नाहीये.

वाचा_मिरज | १८ जून, सकाळी ११.२०

समजू शकते. घाई करू नका. तिच्याकडून काढून घेण्याआधी तिच्या हातात दुसरं काही द्यायला हवं होतं, हे मी तुम्हाला लिहायला हवं होतं.

कृष्णाकाठची | ९ सप्टेंबर, रात्री १०.४५

धागा वर काढतेय. जवळजवळ तीन महिने झाले.

आधी न जमलेलं. शाळेत पाटी नेली, बाईंनी कौतुक केलं आणि कपाटात ठेवली. दुसऱ्यांदा नेली, पुन्हा कपाट. तिसऱ्यांदा खुर्चीच्या पट्ट्यालाच दोरीनं बांधली. कारकूनसाहेबांच्या सल्ल्यानं अर्ज दिला आहे, पोच घेतली आहे. पंचवीस शब्दांची पाटी मी बोलताना वापरायची म्हणजे किती अवघड ते करून बघा. पहिले पंधरा दिवस मला 'थांब' सापडेपर्यंत दूध उतू जायचं.

जून-जुलैत अक्षरवहीवर काहीच नाही. मग तिला शोध लागला, 'चुकलं, खोड' ला वर बघितलं की आई खोडरबर शोधत बसते. ओळीनं नऊ वेळा. नवव्या वेळी खिदळली. मी चिडले, यांनी सांगितलं अगं ती तुझी मस्करी करतेय. अकरा वर्षांत तिनं माझी मस्करी केली नव्हती, किंवा केली असेल तर मला कळली नव्हती.

आणि ऑगस्टपासून 'भ'. रोज. पान सात, भ. लिहिलं, म्हटलं, पुढे जाऊ? नाही. झालं? हो. आजी म्हणतात भूक. धाकटा म्हणतो भडंग. मी विचारलं, भूक? बाजूला बघितलं. भडंग? बाजूला. भाऊ? बाजूला. काहीतरी वेगळंच? वर!

पुढे काय विचारायचं ते मला सुचेना.

निवृत्त_गुरुजी_तासगाव | १० सप्टेंबर, सकाळी ६.००

ताई, रागावू नका, शंका घेणे माझा स्वभाव. तिला भ ठाऊक आहे की ती जागा? सातवे पान, चौथे अक्षर, तुम्ही तिथे नकळत थांबत असाल. ती ओळ दुसऱ्या पानावर टाकून पाहा. वही दुसऱ्या कुणाला तरी धरू द्या.

वाचा_मिरज | १० सप्टेंबर, सकाळी ९.१०

गुरुजींना माझी नोकरी द्यावी म्हणते. अगदी हेच करा.

कृष्णाकाठची | १३ सप्टेंबर, रात्री ९.३०

प-ओळ तिसऱ्या पानावर टाकली, ओळीतला क्रमही बदलला. वही आजींनी धरली, त्यांना सगळी अक्षरं येतही नाहीत, चित्रासारखी दाखवत होत्या. पहिल्या दिवशी काही नाही, चिडली. दुसऱ्या दिवशी च. काल आणि आज दोन्ही वेळा भ.

चार वेळात दोनदा. फार नाही ना?

वाचा_मिरज | १३ सप्टेंबर, रात्री १०.००

चाळीसहून जास्त अक्षरांतून दोनदा तेच. आणखी पंधरा दिवस नोंद ठेवा, तारीख, कुणी धरलं, काय निवडलं. आत्ता नाचू नका आणि सोडूही नका.

वाळव्याचा_बाप | १३ सप्टेंबर, रात्री १०.०५

मी नाचायलोय.

एकबोटी | १३ सप्टेंबर, रात्री ११.४०

अर्थ असायलाच पाहिजे असं नाही. मला लहानपणी ळ आवडायचा. दिसायला. दोन डोळे असल्यासारखा. कुणी विचारलं असतं तर मीही 'काहीतरी वेगळंच' म्हणालो असतो.

कृष्णाकाठची | १४ सप्टेंबर, सकाळी ८.२०

हे सुचलंच नव्हतं. आत्ता विचारलं, तुला भ आवडतो का गं? इतकी वर बघितली की मान मागे गेली.

काळ्या पुठ्ठ्यावर पिवळा भ कापून तिच्या खुर्चीसमोर लावलाय. आज शाळेला जाताना वाटेतले भ शोधायचे ठरलंय. भांड्यांचं दुकान, भडंगवाला, 'खोली भाड्याने देणे आहे'. रिक्षावाल्या काकांना सांगितलंय, आज जरा हळू घ्या.